पाळणा, अंगाई आणि तालाट्टु : अंबत्तूरच्या मराठी घरातील परंपरेचा तौलनिक विचार

१

मराठी लोकगीतांच्या अभ्यासात अंगाईगीताचा उल्लेख जितका आदराने होतो तितका त्याचा विचार मात्र होत नाही. आईच्या वात्सल्याचा सहजोद्गार म्हणून त्याचा गौरव केला जातो आणि हा गौरव संपला की चिकित्साही संपते. 'पिढ्यानुपिढ्या चालत आलेली गाणी' या शब्दप्रयोगात नेमके काय चालत येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे जाते ती शब्दांची ठरीव संहिता की समोरच्या बाळाला उद्देशून नवी ओळ जुळवण्याची शक्ती? महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच भाषेत नांदत आल्यामुळे त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः अनेक पिढ्या परभाषेच्या शेजारात राहिलेल्या मराठी घरांत मात्र त्यांची फारकत होते आणि फारकत झाल्यामुळेच त्या स्वतंत्रपणे तपासता येतात.

चेन्नईच्या वायव्येकडील अंबत्तूर हे उपनगर या तपासणीला सोयीचे आहे. एकेकाळी तळ्याकाठचे गाव असलेले अंबत्तूर १९६४ मध्ये तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिल्यावर कारखान्यांचे उपनगर बनले आणि २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाले. नोकरीच्या निमित्ताने तमिळबरोबरच तेलुगू, मलयाळम, कन्नड आणि मराठी बोलणारी कुटुंबे अशा वस्तीत एका भिंतीआड राहू लागतात. प्रस्तुत विवेचनात 'अंबत्तूरचे घर' हा शब्दप्रयोग एखाद्या विशिष्ट कुटुंबासाठी योजलेला नाही. बाहेरची भाषा तमिळ, घरातील भाषा मराठी आणि देवघरातील गाणे या दोहोंशिवाय तेलुगू व संस्कृतातीलही, अशी जी एक भाषिक स्थिती कावेरीच्या खोऱ्यातून निघून महानगराच्या उपनगरापर्यंत पोहोचली, तिचे ते नाव आहे.

२

प्रथम संज्ञांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. मराठीत 'पाळणा' आणि 'अंगाई' हे शब्द बरेचदा पर्यायी म्हणून वापरले जातात. परंतु या दोन रचनाप्रकारांचा प्रसंग, श्रोता आणि घडण ही तिन्ही भिन्न आहेत.

पाळणा हे विधिगीत आहे. बाराव्या दिवशी बारशाला, रामनवमीला, गोकुळाष्टमीला आणि शिवजयंतीला तो म्हटला जातो. त्याचा नायक बहुधा राम, कृष्ण किंवा शिवाजी असतो आणि समोरचे मूल त्या नायकाच्या रूपात पाहिले जाते. त्याची मांडणी क्रमबद्ध असते. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत एकेका दिवसाला एकेक कडवे, प्रत्येक कडव्यानंतर 'जो जो'चे पालुपद आणि शेवटी नाव ठेवण्याचा प्रसंग, ही त्याची सर्वपरिचित घडण. तो स्त्रियांच्या समूहाने म्हणावयाचा असतो. पाळण्याच्या वरून आणि खालून बाळाला एकीने दुसरीकडे देणे, देवाची नावे घेणे, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगणे या कृतींशी त्याचे शब्द बांधलेले असतात. साहजिकच त्याची संहिता स्थिर राहते, कारण समूहाला एकसुरात म्हणावयाचे असेल तर शब्द ठरलेले असावेच लागतात.

अंगाई ही याउलट एकटीची रचना आहे. रात्री किंवा भर दुपारी, मूल झोपत नसताना, एका हाताने झोळी हलवत ती म्हटली जाते. तिला श्रोता एकच, तोही शब्दार्थ न कळणारा. तिचा छंद बहुधा गेय ओवीचा असतो. ही ओवी ज्ञानेश्वरीतील ग्रंथी ओवीहून वेगळी आहे. ती स्त्रियांच्या श्रमाशी जोडलेली आहे आणि तिची प्राचीनता बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील 'मानसोल्लासा'पर्यंत मागे नेता येते. चालुक्य राजा सोमेश्वराच्या या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा निर्देश आहे. या ओवीत काही जागा मुद्दाम मोकळ्या असतात. बाळाचे नाव, मामाचे नाव, गावाचे नाव, दागिन्याचे किंवा फळाचे नाव त्या जागांवर बसवता येते. ओळीचा सांगाडा जुना असतो, तिच्यात बसणारी माणसे मात्र त्या त्या घरची असतात. आल्बर्ट लॉर्ड याने १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' या ग्रंथात दक्षिण स्लाव्ह गायकांच्या आधारे सूत्रबद्ध मौखिक रचनेचे जे तत्त्व मांडले, ते वीरकाव्यापुरते मर्यादित नाही. अंगाईची ओवी रचणारी स्त्रीही आठवणीतून पाठ म्हणत नाही. सूत्रांच्या साहाय्याने ती गातागाताच रचत असते.

मराठी स्त्रीरचनेच्या ज्ञात इतिहासाच्या आरंभीच हा तत्क्षणी रचण्याचा गुण दिसतो. महदाइसेचे 'धवळे' गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी, त्यांच्या सांगण्यावरून, त्या प्रसंगातच रचले गेले असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे आद्य मराठी कवयित्रीची आद्य रचना ही पाठ केलेली नव्हती. प्रसंगाला दिलेले ते उत्तर होते. पुढे ती लिहिली गेली, स्थिर झाली, हा भाग वेगळा.

तेव्हा अंगाईगीताची परंपरा म्हणजे दोन भिन्न वारसे आहेत. पाळण्याबरोबर संहितेचा वारसा येतो आणि अंगाईबरोबर रचनाशक्तीचा. या दोहोंचे भवितव्य सारखे नसते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

३

अंबत्तूरच्या मराठी घराची पूर्वपीठिका तंजावरात आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले यांनी तंजावरात मराठी सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर ते राज्य इंग्रजांनी खालसा केले. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत मराठी ही तेथे राज्यकर्त्यांची आणि कारभाऱ्यांची भाषा असली, तरी ती एकटी कधीच नव्हती. आधीच्या नायक राजवटीपासून संगीत आणि दरबारी काव्य यांची भाषा तेलुगू होती, प्रजेची भाषा तमिळ आणि शास्त्राची भाषा संस्कृत होती. शाहजी राजांच्या (१६८४–१७१२) नावावरील 'पंचभाषाविलास' नाटकात पाच भाषांचा संगम होतो. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) 'देवेंद्र कुरवंजी'ने तर कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा साचा घेऊन त्यात मराठीतून जगाचा भूगोल सांगितला. बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख याच सरफोजींनी कोरविला.

दरबाराबाहेरही हीच बहुभाषिकता होती. कावेरीकाठच्या भजनसंप्रदायात संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांच्या जोडीला मराठी अभंग स्थिरावले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांच्या मराठी कीर्तनाच्या प्रभावातून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले आणि साकी, दिंडी, ओवी ही मराठी वृत्ते तमिळ कथाकीर्तनात रुळली. देवाला झोपाळ्यावर बसवून गाण्याचा डोलोत्सव हा या भजनपद्धतीचा अविभाज्य भाग आहे. तिरुवैयारूच्या त्यागराजांनी (१७६७–१८४७) आपल्या उत्सवसंप्रदाय कीर्तनांत रामासाठी झोपाळ्याची आणि निजवण्याची पदे रचली. त्यांच्याशी जोडला गेलेला नीलांबरी राग आजही दक्षिणेत निद्रेचा राग म्हणून ओळखला जातो.

याचा अंगाईच्या दृष्टीने अर्थ असा की तंजावरी मराठी घरात 'जो जो' हे पालुपद कधीच केवळ मराठी नव्हते. ते कन्नड जोगुळात आहे, पंधराव्या शतकातील अन्नमाचार्यांच्या 'जो अच्युतानंद' या प्रसिद्ध तेलुगू पदात आहे आणि मराठी पाळण्यातही आहे. देवघरात तेलुगू 'जो जो', बारशाला मराठी 'जो जो' आणि शेजारच्या घरातून ऐकू येणारे तमिळ 'आराRO'सारखे वाटणारे परंतु सर्वस्वी निराळ्या नादाचे 'आरारो', असे तीन नाद एकाच कानावर पडत होते. शुद्ध, एकभाषिक, महाराष्ट्रातून जशीच्या तशी आणलेली परंपरा कधीतरी अस्तित्वात होती आणि पुढे ती भेसळली, असे गृहीत धरून तंजावरी मराठीकडे पाहणे म्हणूनच अनैतिहासिक ठरते.

४

तंजावरहून मद्रासकडे आणि मद्रासच्या जुन्या वस्त्यांतून उपनगरांकडे झालेल्या प्रवासात पाळणा टिकला. तो कसा टिकला, हे पाहण्यासाठी स्त्रियांच्या गाण्याच्या वहीकडे वळावे लागते. तंजावरी मराठी कुटुंबांतील पुढच्या पिढ्यांचे शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झाले. मोडी तर गेलीच, देवनागरीशीही त्यांचा संबंध उरला तो प्रामुख्याने संस्कृत स्तोत्रांपुरता किंवा शाळेतील हिंदीपुरता. त्यामुळे घरातील मराठी अनेकदा तमिळ लिपीत लिहिली जाऊ लागली.

या लिप्यंतराचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चार वर्णांसाठी एकच अक्षर आहे; प, फ, ब, भ यांसाठीही एकच. त्यामुळे 'घर', 'खर' आणि 'कर' हे शब्द त्या वहीत सारखेच दिसतात आणि 'बाळा' हा शब्द 'पाळा' असाही वाचता येतो. याउलट 'ळ' हा वर्ण तमिळमध्ये स्वतंत्रपणे नांदत असल्याने तो बिनधोक राहतो. उत्तर भारतात स्थायिक झालेल्या मराठी घरांत जो 'ळ' हिंदीच्या सहवासात डळमळतो, तो तंजावरी घरात ठाम असतो. 'जो'साठी ग्रंथ लिपीतून तमिळमध्ये आलेले 'ज' हे अक्षर उपलब्ध असल्याने पालुपदही अचूक उतरते.

अशी वही पाहून तीत अशुद्धे शोधणे हा अभ्यासकाचा पहिला मोह असतो. तो टाळला तर वहीचे खरे स्वरूप ध्यानात येते. ज्याला गाणे आधीच येते, त्यालाच ही वही वाचता येते. अपरिचिताला ती निरुपयोगी आहे. म्हणजे ती संहितेची नोंद नसून स्मृतीला दिलेला टेकू आहे. लेखन आणि मौखिकता यांच्यामधला तो एक पूल आहे. वाल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये मौखिकता व साक्षरता यांच्यात जी स्पष्ट सीमारेषा आखली, ती या वहीपाशी अपुरी पडते. येथे अक्षर आहे, पण अक्षराला आवाजाची साथ नसेल तर अर्थ नाही.

तथापि वहीमुळे एक दुसरी गोष्टही घडते. वहीत उतरतो तो पाळणा. अंगाईची ओवी उतरत नाही. बारा कडव्यांचा पाळणा विसरला जाण्याची भीती असते, म्हणून तो लिहून ठेवावा लागतो. रोज रात्री नव्याने जुळणारी ओवी मात्र लिहून ठेवण्याजोगी वस्तू आहे, असे तिच्या कर्तीलाच वाटत नाही. परिणामी पुढच्या पिढीच्या हाती 'आपल्या घरची जुनी गाणी' म्हणून जे येते ते केवळ पाळणे असतात. त्यांतील काही शब्दांचा अर्थ म्हणणारीलाही सांगता येत नाही. मंत्राप्रमाणे नाद आणि क्रम सांभाळला जातो, अर्थ मागे राहतो. तरीही बारशाला तो म्हटला नाही तर बारसे झाले असे वाटत नाही. अर्थ लोपल्यावरही प्रसंगामुळे गाणे टिकते, हे विधिगीताचे सामर्थ्य. पण या सामर्थ्यामुळेच अंगाईचा अभाव झाकला जातो. घरात पाळणा ऐकू येतो म्हणून परंपरा अखंड आहे, असा समज होतो.

लॉर्ड यांनी नोंदविलेले एक निरीक्षण येथे लागू पडते. मौखिक रचना केवळ साक्षरतेमुळे मरत नाही. 'खरी संहिता एकच' ही कल्पना गायकाच्या मनात रुजली की ती मरते. पाळण्याच्या छापील पुस्तिका, नंतरच्या काळात ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटगीते यांनी महाराष्ट्रातही हेच केले. १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातील अंगाई आज अनेक मराठी आयांची 'पारंपरिक' अंगाई झाली आहे. तिची लोकप्रियता रास्त असली तरी ती रचली जात नाही, म्हटली जाते. अंबत्तूर आणि पुणे यांच्यातील अंतर या बाबतीत वाटते तितके मोठे नाही.

५

मग अंबत्तूरच्या घरात अंगाईची रचनाशक्ती नष्ट झाली काय? मराठीपुरते उत्तर होकारार्थी द्यावे लागेल, पण ते उत्तर तेथेच थांबवणे योग्य नव्हे. कारण त्याच घरात, त्याच झोळीपाशी, तमिळमध्ये ओळी जुळवल्या जाऊ शकतात आणि त्या जुळतात तेव्हा त्यांची घडण मराठी ओवीच्या घडणीशी विलक्षण साम्य दाखवते.

तमिळमध्ये अंगाईला 'तालाट्टु' म्हणतात. 'ताल' म्हणजे जीभ आणि 'आट्टु' म्हणजे हलवणे, अशी तिची व्युत्पत्ती दिली जाते. जीभ हलवून काढलेला नाद हा तिचा आरंभ. या प्रकाराला तमिळ साहित्यात प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. नवव्या शतकाच्या आसपास पेरियाळ्वारांनी कृष्णाची आई होऊन पाळणागीत गायिले. पुढे 'पिळ्ळैत्तमिळ' हा स्वतंत्र काव्यप्रकार सिद्ध झाला. त्यात देवाच्या, राजाच्या किंवा थोर पुरुषाच्या बाल्याच्या दहा अवस्था वर्णिल्या जातात आणि त्यांतील तिसरी अवस्था पाळणागीताची असते. मराठी पाळण्यातील दिवसांचा क्रम आणि पिळ्ळैत्तमिळमधील अवस्थांचा क्रम यांचे नाते उसनवारीचे आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु मूल कालक्रमाने वाढते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे कौतुक निराळे, ही भक्तिकाव्याची दृष्टी दोहोंत समान आहे.

लोकपातळीवरील तालाट्टु मात्र पाळण्यापेक्षा अंगाईच्या ओवीला अधिक जवळचा आहे. रडणाऱ्या बाळाला, तुला कोणी मारले, असे विचारत एकेका नातेवाइकाचे नाव घेणे हा त्याचा अतिपरिचित साचा. त्या यादीत मामाचे स्थान मोठे. मामा काय आणील, किती आणील, कोणत्या गावाहून आणील, याचे वर्णन करताना गाणारी स्त्री वस्तुतः आपल्या माहेरची संपन्नता आणि भावाचे आपल्यावरील प्रेम सांगत असते. मराठी ओवीतही बाळ हे निमित्त आणि माहेर हा विषय, ही रचना सर्वत्र आढळते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मधील ओव्या असोत, सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून प्रसिद्ध केलेली गीते असोत, बाळाचा मामा म्हणजे आपला भाऊ या समीकरणावर त्यांतील भावविश्वाचा मोठा भाग उभा आहे.

हे साम्य आकस्मिक नाही. इरावती कर्वे यांनी 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधील प्रदेश मानले आहे. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत असणे हे त्याचे एक प्रमुख गमक. दक्षिणेत तर मामा हा केवळ आईचा भाऊ नसतो, तो संभाव्य सासराही असतो. ज्या समाजांत नात्यांची मांडणी इतकी जवळची आहे, तेथे अंगाईच्या मोकळ्या जागांत बसणारी माणसेही सारखीच असतात. मामा, आत्या, आजोळ या जागा दोन्ही भाषांत तयार आहेत. तंजावरी मराठी स्त्रीने तमिळमध्ये तालाट्टु रचला तर तिला भाषा बदलावी लागते, कल्पनेचा आराखडा बदलावा लागत नाही. अंगाईची रचनाशक्ती मराठीतून तमिळमध्ये इतक्या निर्वेधपणे का गेली, याचे कारण भाषिक ऱ्हासाइतकेच या नातेव्यवस्थेतही शोधले पाहिजे.

अर्थात या संक्रमणात काही निश्चितपणे हरवते. ओवीचा साडेतीन चरणांचा श्वास, शेवटच्या तोकड्या चरणावर येणारा थांबा आणि त्या थांब्यात दडलेला अनपेक्षित भाव यांना तालाट्टुमध्ये प्रतिरूप नाही. ओवी संपताना मागे रेंगाळते, तर तालाट्टु 'आरारो'च्या आवर्तनात स्वतःला पुढे ढकलत राहतो. म्हणून येथे काहीच हानी झाली नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. छंद हरवला, हे म्हटलेच पाहिजे.

६

या चित्राला चेन्नईतील दुसऱ्या एका मराठी समाजाची जोड दिल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरलेली मराठी कुटुंबे तमिळनाडूतही आहेत. त्यांचे स्थलांतर विसाव्या शतकातील आहे आणि गावाशी त्यांचा संबंध तुटलेला नाही. घर, शेत, देव आणि सोयरीक गावाकडेच असते.

या कुटुंबांत पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे बहुधा महाराष्ट्रातील गावी होते. साहजिकच बारसे आणि त्यासोबतचा पाळणाही तेथेच राहतो. चेन्नईत परतलेल्या आईबरोबर येते ती फक्त रोजची अंगाई. दळणाची जाती घरांतून गेली असली तरी या भागातील स्त्रियांच्या कानांत ओवीचा सांगाडा अद्याप आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उभारलेल्या आणि २०१७ पासून 'पारी'ने प्रसिद्ध होत असलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात हा सांगाडा किती खोलवर रुजला होता, याची कल्पना त्यावरून येते.

तेव्हा एकाच शहरात दोन उलट स्थिती दिसतात. जुन्या तंजावरी घरात विधी मराठीत आणि रोजची रचना तमिळमध्ये. नव्या घरात रोजची रचना मराठीत आणि विधी शेकडो मैलांवर. पहिल्या घराकडे संहिता आहे, दुसऱ्याकडे रचनाशक्ती. तंजावरी स्त्रीचे माहेरही बहुधा तमिळ प्रदेशातच असते, त्यामुळे तिच्या अंगाईतील माहेराची भाषा तमिळ होणे स्वाभाविक आहे. नव्याने आलेल्या स्त्रीचे माहेर मराठी मुलखात असल्याने तिच्या मामाला मराठीतच हाक मारावी लागते. अंगाईची भाषा ठरते ती गाणारीच्या मातृभाषेच्या अभिमानावरून नव्हे, तर ज्या माणसांना ती त्या गाण्यात बोलावते त्यांच्या भाषेवरून.

७

अंगाईचा विचार करणाऱ्या आधुनिक भाष्यकारांत दोघांचे स्मरण येथे उचित ठरेल. रवींद्रनाथांनी १८९० च्या दशकात बंगाली मुलांच्या छड्यांचा संग्रह करताना, या रचना स्त्रियांच्या मुखातून आलेल्या आणि अर्थसंगतीच्या पलीकडच्या आहेत, हे त्यांचे सौंदर्य मानले. १९२८ मध्ये माद्रिद येथे दिलेल्या व्याख्यानात लोर्का यांनी स्पॅनिश अंगाईतील दुःखाकडे लक्ष वेधले आणि श्रीमंत घरांतील मुलांपर्यंत ही गाणी गरीब दायांनी व मोलकरणींनी पोहोचवली, असे प्रतिपादन केले. रवींद्रनाथांनी पाहिले ते अंगाईचे काव्य. लोर्कांनी पाहिला तो तिचा वाहक. अंगाई घरातच जन्मते असे नाही, कोणीतरी ती घरात आणते, ही लोर्कांची दृष्टी अंबत्तूरच्या घरालाही लागू आहे. तेथे तालाट्टु आणणारी शेजारीण किंवा बाळंतिणीला न्हाऊ घालणारी तमिळ स्त्री ही परंपरेतील उपरी व्यक्ती नव्हे. परंपरेच्या दुव्यांपैकीच ती एक असते.

ए. के. रामानुजन यांनी प्राचीन तमिळ काव्यशास्त्रातील 'अहम्' आणि 'पुरम्' या कोटी कन्नड लोकसाहित्याला लावून घरातील कथनप्रकार आणि चव्हाट्यावरील कथनप्रकार वेगळे केले. त्या कोटींचा उपयोग करावयाचा तर पाळणा हा घरात असूनही 'पुरम्'कडे झुकणारा आहे. त्याला समूह आहे, नायकाचे नाव आहे, प्रसंग आहे. अंगाई मात्र निखळ 'अहम्' आहे. स्थलांतरात टिकते ते 'पुरम्', कारण समाज त्याची राखण करतो. 'अहम्'ची राखण कोणी करीत नाही. भाषा बदलूनच ते टिकते.

या निष्कर्षाचा अभ्यासपद्धतीवर परिणाम होणे अपरिहार्य आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतील 'पारंपरिक गाणी' गोळा करणारा संशोधक मराठी गाणीच मागतो आणि त्याला पाळणे मिळतात. त्यांतील जुने शब्दरूप, लोपलेला अर्थ, तमिळ उच्चाराचा ठसा हे सारे तो टिपतो आणि परंपरा जपली गेल्याचे किंवा क्षीण झाल्याचे अनुमान काढतो. परंतु त्याच स्त्रीने आदल्या रात्री नातवंडाला झोपवताना तमिळमध्ये जुळवलेल्या ओळींबद्दल तो विचारीत नाही, कारण त्या मराठी नाहीत. आणि तमिळ लोकसाहित्याचा संशोधक त्या घरात जातच नाही, कारण ते घर मराठी आहे. अशा रीतीने दोन भाषांच्या विद्याशाखांच्या मधोमध एक संपूर्ण रचनाव्यवहार निसटतो. तो निसटतो याचे कारण तो दुर्मिळ आहे हे नव्हे. अभ्यासाचे एकक चुकलेले आहे, हे आहे.

अंगाईच्या बाबतीत तरी तौलनिक साहित्याचे एकक भाषा नसून घर असावे लागेल. एका घरात कोणती गाणी पाठ म्हटली जातात, कोणती रचली जातात, कोणत्या भाषेत, कोणाला हाक मारण्यासाठी, हे एकत्र मांडले तरच त्या घराची परंपरा कळते. सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांची सूची आपल्याकडे आहे. तमिळ लिपीतील मराठी पाळण्यांच्या वह्यांची नाही, आणि कोणत्याच वहीत न शिरलेल्या ओळींची तर असूच शकत नाही. वह्यांची नोंद अजूनही करता येईल. त्या करताना प्रत्येक पाळण्यासोबत, हे म्हणणारी स्त्री बाळाला रोज काय म्हणून निजवते, एवढा एक प्रश्न विचारला गेला तरी आज मराठीची हानी म्हणून दिसणारे बरेचसे चित्र अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक खरे दिसू लागेल. पाळण्याची बारा कडवी सांभाळणारे घर आणि मामाच्या नावाने नवी ओळ जुळवणारे घर ही दोन वेगळी घरे नाहीत. तंजावरहून अंबत्तूरपर्यंत आलेल्या परंपरेचे खरे वृत्त त्यांच्या एकत्र असण्यातच आहे.